दहाची वायर, वीसचा ब्रेकर

पंपघरातून निवृत्त झाल्यावर बाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर एक जुनी पार्सलची गाडी घेऊन घराच्या मागच्या अंगणात आणून उभी केली. घरात कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी नाहीच म्हटलं असतं, आणि नाही म्हटल्यावर घ्यायची म्हणजे भांडण आलंच. त्यापेक्षा आधी घ्यावी आणि मग भांडावं, म्हणजे निदान गाडी तरी पदरात पडते, असा त्यांचा सरळ विचार होता.

सव्वीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली होती. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला की कुठल्या गल्लीतल्या नळाला कशी धार लागते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यामुळे सगळं गाव त्यांना पाणीवाल्या बाई म्हणे. पुढे त्यातलं पाणी आटलं आणि नुसत्या बाई उरल्या.

त्यांचे यजमान बस चालवायचे. चौतीस वर्षं, एकाच मार्गावर. सकाळी निघायचं, दिवसभर तेच थांबे घ्यायचे आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच परत. लोक त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, अजूनही म्हणतात. पण आता त्यांची फुप्फुसं थकली होती. नाकाला नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीन भिंतीतल्या प्लगला. म्हणजे माणूसच प्लगला बांधलेला. चार शब्द बोलले की दम लागे, म्हणून ते मोजून चार बोलत. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग होता आणि खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत.

एका दुपारी बाई त्यांची नळी बदलत होत्या तेव्हा ते म्हणाले, "ह्या भिंतीसमोर मरायचं नाही."

बाईंनी नळी नीट बसवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन स्पष्ट विचारलं. डॉक्टर म्हणाले, मशीन चालू असेल तर खोलीत बसले काय आणि गाडीत बसले काय, फुप्फुसांना फरक पडत नाही. फक्त मशीन बंद पडता कामा नये. मशीन छोटं होतं, गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारं. त्यात स्वतःची इवलीशी बॅटरी होती खरी, पण ती दोन तासांची सोबतीण. पंधरा दिवसांनी अंगणात गाडी आली. तिच्यात पलंग, फ्रिज, पाणी बसवायचं आणि दोघांनी रस्त्यानं फिरत राहायचं, असा बेत होता.

घरात जो गहजब व्हायचा तो झाला. मुलगा म्हणाला, आई, हा बाबांच्या जिवाशी खेळ आहे. सुनेने जेवण वाढताना भांडी जरा जोरात आपटली. एकटा धाकटा दीर खूश झाला. तो वायरमन होता, गल्लीतल्या दर तिसऱ्या घराचं वायरिंग त्याच्या हातचं. आपल्याला विचारल्याशिवाय गाडी घेतली याचा राग त्याला होता, पण आपल्याशिवाय तिच्यात दिवा लागणार नाही याचा आनंद त्या रागापेक्षा मोठा होता. गाडीत शिरून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हसला.

"बारा व्होल्ट? वहिनी, बारा व्होल्टनं मुंगीलासुद्धा गुदगुल्या होणार नाहीत. एका रविवारात उडवतो."

आणि खरंच उडवलं. एका घराच्या कामातून उरलेलं अडीचच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या, वायरीचं भेंडोळं त्याच्याकडे पडून होतं, ते आणलं. ड्रायव्हरच्या सीटमागे बॅटरी, तिथून एकच वायर छताच्या कडेकडेने गाडीतल्या मागच्या पलंगापर्यंत ओढली आणि वाटेत फ्रिज, पाण्याचा पंप, पंखा, दिवे, मशीनचा सॉकेट, सगळ्यांना त्याच एका वायरीवर बसवलं. बॅटरीपाशी घरात असतो तसला सोळा अँपिअरचा ब्रेकर लावला. वरून फोम भरून प्लायवूड ठोकलं. दिसायला काम देखणं झालं. दिवे लागले, पंखा फिरला. सून बघायला आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, छान दिसतंय.

मशीन लावल्यावर मात्र ते अर्ध्या तासात पीं-पीं करायला लागलं. वीज कमी पडतेय, असा त्याचा लाल दिवा. दीर म्हणाला, मशीनच नाजूक आहे, आजकालच्या वस्तू अशाच. बाईंनी त्याचाच मीटर मागून घेतला. बॅटरीवर टोचला तर साडेबारा. पलंगाजवळच्या सॉकेटमध्ये टोचला तर अकराच्या थोडं वर. त्या दोन्ही आकड्यांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. असं दृश्य त्यांनी सव्वीस वर्षं पाहिलं होतं. टाकी भरलेली, पंप धडधडतोय, आणि लाइनीच्या शेवटच्या घरातली बाई रिकामी बादली घेऊन पंपघराच्या दारात उभी. टाकीत खोट नसे, पंपात खोट नसे. पाइप बारीक असे.

"भावोजी, वायर बारीक पडतेय," त्या म्हणाल्या.

दिराने हातातला पेचकस खाली ठेवला. "वहिनी, पाणी वेगळं आणि वीज वेगळी. ज्यातलं आपल्याला कळतं त्यात बोलावं."

बाईंनी मीटर त्याला परत दिला. त्यांना त्यातलं कळत नव्हतं हे तर खरंच होतं.

दोन दिवसांनी दुसरं दुखणं सुरू झालं. फ्रिज, पंप आणि मशीन एकदम चाललं की थोड्या वेळाने ब्रेकर पडायचा. दीर येऊन वर करायचा, पुन्हा पडायचा. तिसऱ्या वेळी तो वैतागला आणि सोळाचा काढून बत्तीसचा घातला. आता नाही पडणार, म्हणाला. आणि नाहीच पडला.

रविवारी सकाळी सगळे जण गाडी बघायला जमले. ड्रायव्हरसाहेबांना हाताला धरून आणलं, पलंगावर बसवलं, मशीन लावलं. फ्रिज चालू होता, पंखा चालू होता. सून भांडी विसळत होती म्हणून पंप चालू होता. चहाच्या पाण्याला म्हणून दिराने बारा व्होल्टवर चालणारी छोटी किटली आणली होती, तीही कौतुकाने लावली. मशीनची पीं-पीं सुरू झाली. दीर म्हणाला, होईल बंद, सवय होऊ दे त्याला. बाई पलंगाशेजारी उभ्या होत्या. आधी त्यांना वास आला, गरम प्लास्टिकचा. त्यांनी प्लायवूडला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दार उघडलेल्या भट्टीजवळ हात न्यावा तसं ते तापलं होतं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. आधी ड्रायव्हरसाहेबांना मुलाच्या आधाराने बाहेर पाठवलं, मग बॅटरीची तार ओढून काढली आणि फळी उचकटायचा गज घेऊन प्लायवूड फोडायला सुरुवात केली. दीर ओरडत होता, अहो काय करताय, तीन दिवसांचं काम आहे. तो रविवार एकच होता, पण रागात माणसाचे दिवस वाढतात. फळी निघाली. आतला फोम पिवळा पडून वायरीला चिकटला होता, आणि वायरीवरचं लाल आवरण इतकं मऊ झालं होतं की बाईंच्या नखाची खूण त्यावर उमटली. ब्रेकर मात्र शहाण्यासारखा वरच होता. काही झालंच नाही अशा थाटात.

बाईंनी ती वायर पुढपासून मागपर्यंत सगळी ओढून काढली आणि अंगणात दिराच्या पायाशी टाकली.

त्यानंतर जे झालं ते घरातल्या मोठ्या भांडणांपैकी एक. दीर म्हणाला, तीस वर्षांत माझ्या हातून एकाही घराला ठिणगी लागली नाही. बाई म्हणाल्या, हे खरं आहे, घराच्या वायरिंगचं शिकायचं तर मी तुमच्या पायाशी बसेन, पण हे घर नाही. दीर म्हणाला, मग करा तुम्हीच, बघू किती दिवे लागतात. मुलाने तेवढ्यात आपलं घोडं पुढे दामटलं, आता पुरे झालं, गाडी विकून टाकू. दिराचा अपमान झाला ही गोष्ट सगळ्यांना दिसली. ड्रायव्हरसाहेब त्या वायरीखाली झोपले असते ही गोष्ट कोणाला दिसली नाही. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गाडी विकायची नाही. वायरिंग मी करणार. ज्याला मदत करायची त्यानं करावी, नसेल करायची त्यानं वाटेत उभं राहू नये."

त्या दिवसापासून दीर जिना उतरताना अंगणाकडे पाहीनासा झाला.

आता करणार म्हटलं तरी येत कुठे होतं? बाईंनी डोकं चालवलं. बारा व्होल्टवर जन्म काढलेले लोक कोण? होडीवाले. नदीकाठी होड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, दोर, पंखे, दिवे आणि वायरींनी छतापर्यंत खच्चून भरलेलं. दुकानदार म्हातारा, एका कानाने बहिरा. बाईंनी सांगितलं, मला दहा अँपिअरच्या मशीनसाठी वायर हवी. त्याने विचारलं, किती लांब? बाई म्हणाल्या, असेल सहा-सात मीटर. म्हातारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. "असेल म्हणणाऱ्याला मी वायर विकत नाही. दोरी लावून मोजून या."

बाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. पंपघरात त्यांनीही कित्येकांना असंच परत पाठवलं होतं. घरी जाऊन त्यांनी जिथून वायर जाणार तिथून दोरी नेली, खिडकीला वळसा घातला, कोपरे घेतले, आणि गाठ मारलेली दोरी घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाल्या. सात मीटर भरली. म्हाताऱ्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर चौदा लिहिलं.

"सात," बाई म्हणाल्या.

"वीज जाते तशी परत येते. परत यायलाही तिला वाट लागते. जाऊन-येऊन मोजायचं."

मग तो खुलला. म्हणाला, घरात व्होल्ट भरपूर, म्हणून अँपिअर थोडे लागतात आणि बारीक वायर चालून जाते. इथे व्होल्ट इवलेसे, म्हणून तेवढ्याच कामाला अँपिअर ढीगभर लागतात, आणि ते ढीगभर अँपिअर वायरीतूनच जातात. लोकांना वाटतं, कमी व्होल्ट म्हणजे कमी जोखीम. शॉक बसत नाही एवढंच खरं, आग लागायची तशीच लागते. भिंतीवर एक मळकट तक्ता होता. आडवे अँपिअर, उभी लांबी. त्यावर बोट फिरवत त्याने दाखवलं की चौदा मीटरला अडीचच्या वायरीत जवळजवळ एक अख्खा व्होल्ट वाटेतच गळतो. सहाची घातली तर अर्ध्याहून कमी गळेल, पण बॅटरी उतरायला लागली की मशीन काठावर येईल. दहाची घातली तर पाव.

"दहाचीच द्या," बाई म्हणाल्या.

"महाग पडते."

"माणूस त्याहून महाग आहे."

ब्रेकरचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं आणि दोनदा सांगितलं. ब्रेकर मशीनचा राखणदार नव्हे, वायरीचा. मशीन मागेल त्याहून थोडा वर आणि वायर सोसेल त्याहून पुष्कळ खाली, असा बसवायचा. ब्रेकर पडतो म्हणून मोठा ब्रेकर घालणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधणं. चोर कुठे जात नाही. आणि घरातला ब्रेकर इथे घालायचाच नाही. बॅटरीची वीज एकसारखी वाहते, तिची ठिणगी विझवायला वेगळ्या जातीचा ब्रेकर लागतो. तो बॅटरीच्या अगदी शेजारी बसवायचा, कारण बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधल्या वायरीला कोणी राखणदार नसतो. त्याने वीसचा काढून दिला. मशीनची वायर मशीनचीच ठेवा, म्हणाला, तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसवू नका. फ्रिज आणि पंपाला वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर.

तीन आठवडे बाई गाडीत राबल्या. दहाची वायर वाकता वाकत नव्हती. कोपऱ्यात वळवताना अंगठ्यांची सालं निघाली. वायरीच्या टोकाला तांब्याचे लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारी कडी, दाबायचे होते. पहिले पाच ओढून पाहिल्यावर हातात आले, ते फेकून दिले. सहावा दोन्ही पाय टेकून ओढला तरी हलला नाही, तेव्हा त्यांना कळलं की आता हात बसला. ड्रायव्हरसाहेब मागच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि एकेक खिळ्यावर नजर ठेवत. एकदा म्हणाले, "वायर की अजगर?" आणि आपल्याच विनोदावर हसून त्यांना इतकी ढास लागली की बाईंनी त्यांना दिवसभर न बोलण्याची शिक्षा केली.

सून एका दुपारी आपण होऊन आली आणि न बोलता छताशी वायर धरून उभी राहिली. बाईंनी क्लिप ठोकल्या. त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर घरात भांडी आपटायची थांबली.

काम संपल्यावर बाईंनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. दिराला बोलवायला त्या स्वतः जिना चढून गेल्या. भावोजी, तुमचा मीटर घेऊन या, म्हणाल्या, माझ्या कामात खोट काढायची तर तुमच्याइतका जाणता माणूस दुसरा नाही. हे त्या मनापासून बोलल्या की डिवचायला, हे दिराला ठरवता आलं नाही, पण मीटर घेऊन तो आला.

मशीन लावलं. दहा मिनिटांनी दिराने सॉकेटमध्ये मीटर टोचला. सव्वाबारा. त्याने मीटर हलवून पुन्हा टोचला. सव्वाबाराच.

"मीटरचा सेल गेला असेल," तो म्हणाला.

"बॅटरीवर लावून बघा."

बॅटरीवर साडेबारा होते. दिराने मीटर खाली ठेवला. मग म्हणाला, "हे ठीक आहे. पण वीसचा ब्रेकर उगाच पडेल. मशीन बंद पडेल आणि भाऊ गुदमरेल. मग?"

बाईंनी याचीच वाट पाहिली होती. टायरमध्ये हवा भरायचा पंप त्यांनी आणून ठेवला होता, पंधरा अँपिअर खाणारा. तो मशीनच्या लाइनीवर, या परीक्षेपुरत्याच जोडलेल्या सॉकेटमध्ये लावला. मुलगा पुढे झाला तसं त्या म्हणाल्या, मशीनच्या पोटात दोन तासांची बॅटरी आहे, बाबांना काही होत नाही, तू बस. मग त्यांनी एक फळी सरकवली, आतली वायर उघडी केली आणि दिराकडे पाहिलं.

"भावोजी, हिच्यावर हात ठेवा. ब्रेकर पडेपर्यंत काढू नका."

त्याने हात ठेवला. हवेचा पंप खडखडत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. सगळ्यांच्या नजरा त्या हातावर. ड्रायव्हरसाहेब मात्र निवांत, नाटक बघायला आल्यासारखे. तीन मिनिटं झाली. दिराचा हात वायरीवरच होता आणि चेहऱ्यावरून कळत होतं की हाताला काहीच जाणवत नाहीये. चौथ्या मिनिटाला सीटमागे खट् झालं आणि पंप थांबला. मशीनने एकदा पीं केलं आणि आपल्या पोटातल्या बॅटरीवर चालू राहिलं.

"तापली?" बाईंनी विचारलं.

दिराने तळहात उलटसुलट करून पाहिला. "नाही."

"वायर तापायच्या आधी ब्रेकरनं हार मानली. एवढंच पाहिजे होतं."

हवेचा पंप काढून त्यांनी ब्रेकर वर केला. दीर उठला, मीटर खिशात घातला आणि जाता जाता म्हणाला, एवढा बैल बांधायचा दोरखंड घातल्यावर कोण तापणार आहे. बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हरलेल्या माणसाला दारातून जाताना एक वाक्य बोलायचा हक्क असतो.

निघायच्या दिवशी सकाळी मुलाने आपली मोटार फाटकाच्या तोंडाशी आडवी लावली आणि तो वऱ्हांड्यात हाताची घडी घालून उभा राहिला. बाईंनी गाडी सुरू केली. ड्रायव्हरसाहेब शेजारच्या सीटवर, मांडीवर मशीन, त्याची तार मागच्या सॉकेटला. मोटार काढ, असं बाईंनी खिडकीतून दोनदा सांगितलं. मुलगा हलला नाही. आई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय, म्हणाला. बाई दार उघडून उतरणार, तोच ड्रायव्हरसाहेबांनी हात लांब करून हॉर्नवर तळवा टेकवला आणि काढलाच नाही. चौतीस वर्षं रस्त्यात आडव्या आलेल्यांना बाजूला करणारा तळवा तो. शेजारी खिडकीत आले, समोरचे गच्चीत आले, गल्लीतली कुत्री जमली. सून आतून किल्ली घेऊन धावत आली, नवऱ्याकडे न बघता मोटारीत बसली आणि तिने ती मागे घेतली. हॉर्न थांबला. ड्रायव्हरसाहेब धापा टाकत होते, पण चेहरा असा फुलला होता की बाईंनी पुढे महिनाभर त्यांना तसं पाहिलं नाही.

मग ते गेले. कधी तळ्याकाठी, कधी एखाद्या गावाच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत, कधी नुसते रस्त्याच्या कडेला. रोज सकाळी बाई मशीनच्या सॉकेटमध्ये मीटर टोचत आणि आकडा वहीत लिहीत. आठवड्यातून एकदा प्रत्येक लगला हात लावून, ओढून पाहत. गाडी हादरते, हादऱ्याने स्क्रू सैल होतात, असं म्हाताऱ्याने सांगितलं होतं. दोन स्क्रू सैल निघाले, ते आवळले. एकदा वाट चुकून एका खाणीत शिरले आणि तिथल्या कामगारांनी हसत हसत बाहेर काढलं.

पाचव्या आठवड्यात ड्रायव्हरसाहेबांना ताप भरला. छाती वाजायला लागली. बाईंनी जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, तिथे चार दिवस ठेवून घेतलं. त्यांनी घरी कळवलं, कारण लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलगा मोटार घेऊन हजर. चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या मागे थोडं 'मी सांगत होतो'ही होतं.

त्याने डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, हे गाडीमुळेच ना? त्या म्हणाल्या, छातीत जंतुसंसर्ग आहे, घरी असते तरी झाला असता, वेळेवर आणलंत हे चांगलं केलंत. चौथ्या दिवशी सोडलं. मुलाने मोटारीचं मागचं दार उघडून धरलं. "आई, झालं ना तुझ्या मनासारखं? आता घरी चल."

बाई हॉस्पिटलच्या आवारात उभ्या होत्या. चार दिवस बाकावर बसून त्यांची पाठ आखडली होती. होय म्हणणं किती सोपं आहे, हे त्या क्षणी त्यांना कळलं. घरी पलंग होता, सून होती, भिंतीतला प्लग होता.

"मशीन एकदा तरी बंद पडलं का, असं तू विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"पडलं का?"

"अडतीस दिवसांत एकदाही नाही. आजार आला, तो कुठेही येतो. त्याला घाबरून मी घरात बसायचं ठरवलं असतं तर गाडी घेतलीच नसती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला विचारू नकोस. फुप्फुसं त्यांची आहेत. त्यांना विचार."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेब व्हीलचेअरवर होते, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, "तू आलास. बरं वाटलं." मग श्वास घेतला. "आता गाडीत बसव."

मुलाचे डोळे भरून आले. तो वडिलांवर चिडला होता की आईवर की स्वतःवर, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याने त्यांना उचललं आणि पार्सलच्या गाडीत नेऊन बसवलं. तिथे पलंगाच्या कडेला बसून त्याने पहिल्यांदा गाडी आतून नीट पाहिली. छताशी गेलेली जाड वायर, सारख्या अंतरावरच्या क्लिप, सीटमागचे दोन ब्रेकर आणि खाली बाईंच्या अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एकीवर 'यांचं', दुसरीवर 'बाकीचं'.

त्याला काहीतरी आठवलं. काकांनी दिलंय, म्हणत त्याने खिशातून एक पुडी काढली. आत एक कोराकरकरीत ब्रेकर होता. बॅटरीच्या जातीचा, अगदी बरोबर. सोबत चिठ्ठी नव्हती. जवळ एखादा जास्तीचा असावा म्हणून, असं म्हणाले, मुलाने सांगितलं. बाईंनी तो उजेडात धरून त्यावरचा आकडा वाचला. बत्तीस.

त्यांना असं हसू आलं की पलंगावर बसावं लागलं. मुलाला काही कळेना. बाईंनी डोळे पुसले आणि ब्रेकर पुन्हा पुडीत बांधून त्याच्या हातात दिला. "काकांना सांग, आठवण ठेवलीत, बरं वाटलं. पण हा चालणार नाही. वीसचा पाठवा."

"आई, निदान ठेवून तरी घे. त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे. गाडीत असला की एखाद्या दिवशी घाईत लावला जाईल. गाडीत नकोच."

मुलगा जेवून निघाला. निघण्याआधी त्याने पाण्याची टाकी भरून दिली, टायरमधली हवा तपासली आणि पंधरा दिवसांनी कुठे असाल ते कळव, मी येईन, असं म्हणाला. घरी चला असं पुन्हा म्हणाला नाही.

त्याची मोटार वळणाआड गेल्यावर बाईंनी मशीनच्या सॉकेटमध्ये मीटर टोचला. बारा पॉइंट चार. वहीत लिहिलं, ड्रायव्हरसाहेबांना शेजारच्या सीटवर आणलं आणि गाडी सुरू केली. शहराबाहेर दोन किलोमीटरवर रस्ता फुटत होता. उजवीकडे रुंद, गुळगुळीत हमरस्ता, कडेला मोठे फलक. डावीकडचा अरुंद, खडबडीत, चढणीला लागलेला, पुढे कुठे जातो हे सांगणारी पाटीसुद्धा नव्हती.

बाईंनी गाडी थांबवून शेजारी पाहिलं. आजारातून उठलेल्या माणसाला सरळ रस्त्याने न्यावं, हे त्यांना कळत होतं.

ड्रायव्हरसाहेबांनी डावीकडे बोट केलं.

बाईंनी पहिला गिअर टाकला आणि चढाला लागल्या.